अस्सल, नक्कल आणि जोड : मराठवाड्यातील वाड्यांचे कोरीव लाकूड आणि ‘पुरातन’ खुर्ची (जळकोट-उदगीर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास)

सारांश

जुन्या वाड्यांतून निघालेले कोरीव लाकडी भाग नव्या सांगाड्यात बसवून तयार केलेल्या खुर्च्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘अँटिक’ या नावाने विकल्या जातात. अशा खुर्चीतील काही लाकूड शंभर वर्षांपेक्षा जुने असते, परंतु खुर्ची म्हणून ती वस्तू नवी असते. प्रस्तुत शोधनिबंधात मराठवाड्यातील वाडा-वास्तूची रचना, तिच्या ऱ्हासाची कारणे, महाराष्ट्रातील खुर्चीचा इतिहास, जोडकामाचे तंत्र व ते ओळखण्याच्या खुणा आणि यासंबंधीचा कायदा यांचा विचार केला आहे. कागदपत्रांच्या परीक्षणात वापरले जाणारे ‘अस्सल’, ‘नक्कल’ आणि ‘बनावट’ हे वर्गीकरण लाकडी वस्तूंनाही लावता येते. तसेच कोरीव भाग वास्तूपासून वेगळा होताना त्याची नोंद न झाल्यास प्रादेशिक इतिहासाचे एक साधन कायमचे मुके होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वाडा, काष्ठशिल्प, जोडखुर्ची, पुरावस्तू, मराठवाडा, इतिहासाची साधने.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे यांचा उल्लेख प्रथम होतो. इ. स. १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि घराघरांतील जुन्या कागदांकडे पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. मात्र ज्या वाड्यांच्या कोनाड्यांत आणि माळ्यांवर हे कागद सापडले, त्या वाड्यांचे खांब, तुळया, चौकटी व गणेशपट्ट्या यांच्याकडे साधन म्हणून तितक्या आस्थेने पाहिले गेले नाही. कागद जपण्यासारखा असतो ही जाणीव रुजली; लाकूड मात्र घनफुटावर मोजून विकण्याची वस्तू राहिली.

जळकोट हा लातूर जिल्ह्यातील तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्यातील गावे उदगीर व अहमदपूर या तालुक्यांत समाविष्ट होती. नांदेड जिल्ह्यातील कंधार व मुखेड हे तालुके त्याला लागून आहेत. डोंगराळ व कोरडवाहू अशा या पट्ट्याच्या एका अंगाला उदगीरचा आणि दुसऱ्या अंगाला कंधारचा किल्ला आहे. किल्ल्यांचा इतिहास ग्रंथांतून आला आहे. १७६० च्या उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या सैन्याचा केलेला पराभव शालेय विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतो. परंतु गावोगावच्या पाटील, देशमुख, देशपांडे व सावकार यांच्या वाड्यांचा आणि ते उभारणाऱ्या कारागिरांचा इतिहास लिहिण्यास बहुतेक ठिकाणी वास्तूखेरीज दुसरे साधन उरलेले नाही. ही वास्तू मोडली जाते तेव्हा तिच्यातील कोरीव लाकडाचे पुढे काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्याचे एक उत्तर शहरांतील दिवाणखान्यांत मांडलेल्या ‘पुरातन’ खुर्च्यांमध्ये सापडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मराठवाड्यातील वाडा-वास्तूत कोरीव लाकडाचे स्थान स्पष्ट करणे.
२) हे लाकूड वास्तूपासून वेगळे होण्याची ऐतिहासिक कारणे शोधणे.
३) जुने कोरीव भाग वापरून केलेल्या खुर्चीचे ऐतिहासिक मूल्य ठरविण्याचे निकष मांडणे.
४) अशा भागांच्या नोंदीसाठी स्थानिक पातळीवर करता येण्याजोगे उपाय सुचविणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित साधने, संबंधित कायद्यातील तरतुदी आणि वस्तूच्या रचनेचे प्रत्यक्ष परीक्षण करताना पाहावयाच्या बाबी यांवर विवेचन आधारलेले आहे.

वाडा आणि त्यातील कोरीव लाकूड

मराठवाड्यातील पारंपरिक घर दगड, माती व लाकूड यांचे असते. जाड दगडी भिंती मातीत बांधलेल्या असतात. आत सागवानी खांब व तुळया यांचा स्वतंत्र सांगाडा असतो आणि त्यावर मातीचे जड, सपाट माळवद असते. चार खांबांमधील जागेला ‘खण’ म्हणतात. घर किती खणांचे यावरून घरमालकाची ऐपत सांगण्याची रीत होती. मोठ्या घराला ढेळज, त्यामागे चौक व चौकाभोवती सोपे अशी मांडणी असे. नांदेड जिल्ह्यातील किनवटचा परिसर आणि लगतचा आदिलाबादचा प्रदेश हे सागाच्या जंगलांसाठी प्रसिद्ध असल्याने या भागाला इमारती लाकूड तुलनेने जवळ उपलब्ध होते.

कोरीव काम सर्व घरभर नसे. ते ठराविक जागी असे. दर्शनी दाराची चौकट व तिच्यावरील गणेशपट्टी, सोप्यातील खांब, खांब व तुळई यांना जोडणारे हस्त, दोन खांबांमधील महिरप, तुळईच्या टोकाला लोंबणारे केळफूल आणि सज्जाचा कठडा या त्या जागा होत. या जागांची निवड सहेतुक होती. बाहेरून येणारा माणूस प्रथम दाराशी थांबतो, नंतर ढेळजेत बसतो आणि अनुमती मिळाल्यास सोप्यात येतो. त्याच्या नजरेच्या वाटेवरच कोरीव काम योजलेले असे. स्वयंपाकघर, माजघर व धान्याच्या खोल्या येथील लाकूड साधे, तासलेले असे. तेव्हा कोणत्या भागावर किती नक्षी आहे, यावरून त्या घरातील सार्वजनिक व खाजगी जागांची विभागणी वाचता येते. गणेशपट्टीवर गणपती आहे की अन्य काही चिन्ह, खांब पेशवाई वळणाचा सुरूदार आहे की वेगळ्या घडणीचा, महिरपीची कमान कोणत्या धाटणीची आहे, यांवरून घराण्याची श्रद्धा, संपर्क आणि कारागिराची परंपरा यांविषयी अनुमान काढता येते. मराठी, तेलुगू व कन्नड भाषक प्रदेश जेथे एकमेकांना भिडतात आणि जेथे दीर्घकाळ निजामी राजवट होती, तेथे असे पुरावे विशेष मोलाचे आहेत.

ही सर्व अनुमाने एका अटीवर अवलंबून आहेत. तो भाग कोणत्या गावातील, कोणत्या घरातील आणि घरातील कोणत्या जागेवरचा आहे, हे ठाऊक असले पाहिजे. जागेपासून तुटलेला कोरीव तुकडा सुंदर असू शकतो, परंतु त्याच्याकडून मिळणारी माहिती फार थोडी असते.

वाडे मोडण्याची कारणे

वाड्याचा डोलारा जमीन, वतन व मोठे कुटुंब या तीन गोष्टींवर उभा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळांना संरक्षण दिले. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीचे वंशपरंपरागत पद गेले. हे बदल सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक होते. त्यांचा एक अनुषंगिक परिणाम असा झाला की, ज्या उत्पन्नावर मोठ्या वास्तूंची दरसालची डागडुजी चालत होती ते उत्पन्न आटले. माळवदाला दर पावसाळ्यापूर्वी नवी माती लागते, वाळवीकडे लक्ष ठेवावे लागते, भिंतींचे लिंपण करावे लागते. वारसांमध्ये वाटण्या होऊन एका चौकाचे चार हिस्से झाले आणि बरेचसे वारस शिक्षण व नोकरीसाठी लातूर, नांदेड, हैदराबाद, पुणे येथे स्थायिक झाले.

या मंद ऱ्हासाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे एका आघाताची जोड मिळाली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. जाड दगडी भिंती व मातीचे वजनदार छप्पर हे मृत्यूचे मुख्य कारण ठरले. अनेक ठिकाणी भिंती कोसळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला, असे भूकंपोत्तर पाहण्यांत नोंदले गेले. परंतु ज्या घराने माणसे गाडली त्या घराच्या रचनेतील गुणदोष शांतपणे निवडण्याची मनःस्थिती कोणाची असणार? दगड-मातीच्या घराविषयी संपूर्ण प्रदेशात भय निर्माण झाले आणि सिमेंट-काँक्रीटचे घर हीच सुरक्षिततेची खूण ठरली. जुन्या घरांतून निघालेले लाकूड काहींनी नव्या घराच्या वाढीव भागात वापरले, काहींनी विकले.

येथे घरमालकाला दोष देणे अन्यायाचे होईल. पडका वाडा सांभाळण्याचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असतो आणि व्यापारी समोर ठेवतो ती रोख रक्कम मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीच्या कामाला उपयोगी पडते. कोरीव लाकडाला साध्या लाकडापेक्षा किती अधिक किंमत मिळावी, याची माहिती त्याला बहुधा नसते. वस्तूच्या किमतीतील मोठी वाढ गाव सोडल्यानंतर होते, आणि ती जुनेपणाच्या कथेमुळे होते.

महाराष्ट्रातील खुर्ची : एक संक्षिप्त आढावा

वाड्यातून काढलेले कोरीव लाकूड खुर्चीत बसविले की ती ‘वाड्यातील जुनी खुर्ची’ म्हणून सहज खपते. या दाव्याची पहिली परीक्षा लाकडाच्या आधी सामाजिक इतिहासाने घ्यावयाची आहे.

मराठी वाड्यातील बसण्याची व्यवस्था जमिनीलगतची होती. सदरेवर बैठक, तिच्यावर गादी, लोड व तक्के, जेवणास पाट, पूजेस चौरंग, विश्रांतीस पलंग, बाज किंवा झोपाळा, असे घरातील लाकडी सामान असे. सिंहासन हे राजपदाचे चिन्ह होते, ते नित्याच्या बसण्याचे साधन नव्हते. थॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पूर्ण केलेल्या प्रसिद्ध चित्रात १७९० च्या तहप्रसंगी सवाई माधवराव पेशव्यांचा पुण्याचा दरबार दाखविला आहे. त्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटही दरबारी रीतीप्रमाणे खाली बैठकीवर बसलेला आहे. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून फारसीमार्गे आला. वस्तूची ओळख जुनी असली तरी सामान्य घरात तिचा वापर रुळण्यास फार काळ लागला.

किनारपट्टीवरील स्थिती निराळी होती. गोव्यातील पोर्तुगीज अंमलामुळे चर्चमध्ये आणि संपन्न घरांत खुर्च्या लवकर आल्या. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिसवी लाकडाच्या भरगच्च कोरीव खुर्च्या, कोच व टेबले यांचा मोठा उद्योग भरभराटीस आला. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात मुंबईचे असे कोरीव सामान मांडले गेले आणि जॉर्ज बर्डवुड याने भारतीय हस्तकलांवरील आपल्या १८८० च्या ग्रंथात त्याची दखल घेतली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८९१ च्या सुमारास सुरू झालेल्या रे आर्ट वर्कशॉपमध्ये लाकडावरील कोरीव कामाचेही शिक्षण दिले जाई. म्हणजे मुंबईची अस्सल जुनी कोरीव खुर्ची ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे.

मराठवाड्यात खुर्ची प्रामुख्याने कचेरीबरोबर आली. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात हैदराबादचे दिवाण होते. त्यांनी केलेल्या सुधारणांत जिल्हाबंदी झाली, महसुली व न्यायिक कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि पुढे शाळा, पोलीस ठाणी व रेल्वे आली. तालुकदार, तहसीलदार व मुन्सिफ यांच्यासमोर टेबल-खुर्ची हा अधिकाराचा नवा आविष्कार होता. खेड्यातील वाड्यात खुर्ची आली तीही येणाऱ्या अंमलदाराला बसविण्यासाठी. अशी खुर्ची साधी, उपयुक्त, बहुधा वेताच्या किंवा फळीच्या बैठकीची असे. ‘खुर्ची’ हा शब्द मराठीत आजही सत्तेचा पर्याय म्हणून वापरला जातो, त्यामागे हाच अनुभव असावा.

यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. गणेशपट्टीची पाठ, महिरपीची कड आणि सुरूदार खांबाचे पाय असलेली ‘अठराव्या शतकातील मराठा खुर्ची’ बाजारात दिसली, तर तिच्यातील लाकूड अठराव्या शतकातील असण्याची शक्यता मान्य करूनही, खुर्ची त्या शतकातील नाही असे बऱ्याच आत्मविश्वासाने म्हणता येते. ज्या समाजाला तशा वस्तूची गरज नव्हती, त्या समाजाने ती घडविली असे मानण्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे.

जोडकामाचे तंत्र

मुंबईतील चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर आणि जोगेश्वरी-ओशिवरा येथील फर्निचर बाजारात जुन्या, दुरुस्त केलेल्या व जुन्या धर्तीवर नव्याने बनविलेल्या वस्तू शेजारी शेजारी विकल्या जातात. जोधपूरमध्ये तर गेल्या तीन-साडेतीन दशकांत जुन्या लाकडाचा पुनर्वापर करणारा मोठा निर्यात उद्योग उभा राहिला आहे.

जोडखुर्ची तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात मूळची जुनी खुर्चीच असते, परंतु मोडलेले पाय, हात वा बैठक नव्याने घातलेली असते. ही खरे तर दुरुस्ती होय. दुसऱ्या प्रकारात दोन-तीन मोडक्या जुन्या खुर्च्यांचे भाग एकत्र करून एक खुर्ची सिद्ध होते. इंग्लंडमधील व्यापारी अशा जोडकामाला ‘विवाह’ या अर्थाचाच शब्द वापरतात. तिसऱ्या प्रकारात वास्तूचे भाग खुर्चीचे अवयव होतात. गणेशपट्टीचा मधला तुकडा पाठीत बसतो, खांबाचा वरचा भाग उभा चिरून पुढचे पाय निघतात, हस्तांची जोडी खुर्चीचे हात होते आणि चौकटीची वेलबुट्टी बैठकीखालच्या आडपट्टीवर येते. वाड्यांच्या संदर्भात तिसरा प्रकार सर्वांत विचारणीय आहे, कारण त्यात वास्तूचा अवयव चिरल्याशिवाय खुर्ची होत नाही.

कारागिराच्या दृष्टीने हे काम सोपे नाही. जुना साग पूर्ण वाळलेला व कठीण असतो, त्यात दडलेले खिळे पटाशीची धार घालवितात. नवा व जुना भाग यांचा रंग जुळविण्यासाठी नव्या लाकडाला डाग, चपड्याचे पॉलिश, मेण व काजळी यांचे थर द्यावे लागतात. ज्या सुताराला हे साधते त्याचे कौशल्य मान्य केलेच पाहिजे. आक्षेप हाताच्या कामावर नाही, त्या कामाविषयी ग्राहकाला जे सांगितले जाते त्यावर आहे.

ओळखण्याच्या खुणा

पुढील बाबी वस्तूच्या परीक्षणात उपयोगी पडतात.

१) नक्षीची पूर्णता : मूळ कारागीर नक्षी जागेच्या मापाने आखतो. वेल कडेला वळते, फूल मध्यावर येते. जोडखुर्चीत वेल मध्येच कापली जाते किंवा फूल एका बाजूला सरकते.

२) नक्षीची दिशा : वाड्यातील हस्त व केळफूल खालून वर पाहणाऱ्या नजरेसाठी कोरलेले असतात. त्यांची खालची बाजू खोल व ठळक, तर वरची बाजू बहुधा अपुरी सोडलेली असते. खुर्चीचा हात मात्र वरून दिसतो. अपुरी बाजू वर आली असेल किंवा ती नव्याने कोरलेली असेल तर तुकड्याचे मूळ स्थान उघड होते.

३) झिजेची जागा : खुर्ची वापराने हातांच्या टोकांशी, बैठकीच्या पुढच्या कडेला आणि पायांच्या तळाशी झिजते. दाराची चौकट कमरेच्या उंचीवर व उंबऱ्याशी झिजते. जेथे कोणाचा हात वा पाय लागत नाही तेथे झीज असेल, तर ती दुसऱ्या आयुष्यातील आहे.

४) बुजविलेल्या खाचा : खांबाला तुळईसाठी, चौकटीला कडी-कोयंड्यासाठी खाचा असतात. बैठकीच्या खालून वा पाठीच्या मागून पाहिल्यास त्या लाकडाच्या ठोकळ्यांनी किंवा भुसा-सरसाच्या लगद्याने बुजविलेल्या आढळतात.

५) हत्यारांच्या खुणा : हातकरवतीच्या रेषा सरळ व कमी-अधिक अंतराच्या असतात. गोल पात्याच्या आरा मशीनच्या रेषा कमानदार व समान अंतराच्या असतात. लोहाराने घडविलेला खिळा आणि कारखान्यातील तारेचा खिळा यांतील फरकही डोळ्यांना कळतो.

६) आतील रंग : बाहेरून सारख्या दिसणाऱ्या भागांच्या न रंगविलेल्या आतील बाजू वेगवेगळ्या छटांच्या असल्यास ते भाग एका काळचे नाहीत.

शास्त्रीय चाचण्यांची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सागाला वार्षिक वलये स्पष्ट असतात आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा अभ्यास झालेला आहे. तत्त्वतः अशा वलयांवरून किंवा कार्बन-१४ पद्धतीने लाकडाचे वय काढता येते. परंतु ते वय झाडाच्या वाढीचे असते, खुर्चीच्या घडणीचे नसते. जोडखुर्ची या चाचणीत सहज उत्तीर्ण होईल, आणि तिचा विक्रेता त्या प्रमाणपत्रावर खुर्चीचे वय सांगेल. म्हणून खुर्चीचा काळ ठरविताना लाकडाच्या वयापेक्षा सांध्यांचे परीक्षण अधिक निर्णायक ठरते.

अन्यत्रची उदाहरणे

जोडकामाच्या इतिहासात केवळ फसवणूकच आहे असे नाही. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराच्या ॲबट्सफर्ड येथील निवासस्थानी ‘वॉलेस खुर्ची’ आहे. स्कॉटिश वीर विल्यम वॉलेस जेथे पकडला गेला असे मानले जाते त्या रॉब्रॉयस्टनच्या घराच्या लाकडापासून ती एकोणिसाव्या शतकात मुद्दाम बनवून स्कॉटला भेट देण्यात आली. ती तेराव्या शतकातील खुर्ची असल्याचा दावा कोणी केला नाही. उलट लाकूड कोठले हे सांगणे हाच तिच्या घडणीचा हेतू होता.

दुसरे उदाहरण भारताशी संबंधित आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील संग्राहक होरेस वॉलपोल याने कोरीव आबनुसी खुर्च्या ट्यूडर काळातील इंग्रजी कारागिरी समजून जमविल्या. त्या प्रत्यक्षात सतराव्या शतकात भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावर घडल्या होत्या, हे पुढे स्पष्ट झाले. येथे कोणी बनावट केली नव्हती. वस्तू अस्सल होती. तिच्या उगमाची नोंद हरवली होती आणि त्या रिकाम्या जागेत पाहणाऱ्याने आपल्या आवडीची कथा भरली.

तिसरे उदाहरण उघड बनावटीचे आहे. अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९७० मध्ये सतराव्या शतकातील म्हणून घेतलेली ‘ब्रूस्टर’ धाटणीची खुर्ची १९६९ मध्ये एका शिल्पकाराने तज्ज्ञांची परीक्षा पाहण्यासाठी घडविली होती. क्ष-किरण तपासणीत तिची भोके आधुनिक गिरमिटाची असल्याचे दिसून आले. संग्रहालयाने ती खुर्ची पुढे बनावट ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी वापरली. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याला अठराव्या शतकातील म्हणून विकल्या गेलेल्या बनावट खुर्च्यांच्या प्रकरणात एक नामवंत तज्ज्ञ व एक कुशल काष्ठकारागीर यांना २०२५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. ज्ञान आणि कौशल्य एकत्र आले तरी प्रामाणिकपणाची हमी मिळत नाही, हे यावरून कळते.

महाराष्ट्रातील आदर्श म्हणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा उल्लेख करावा लागेल. कै. दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून दरवाजे, दिवे, अडकित्ते आणि नित्य वापराच्या असंख्य वस्तू जमविल्या व तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तेथे त्याची पुन्हा उभारणी करण्यात आली आहे. तीही एका अर्थाने जुन्या भागांची नवी जुळणीच आहे. मात्र भाग कोठून आणले हे तेथे सांगितलेले आहे, आणि म्हणून ती जुळणी अभ्यासकाला दिशाभूल न करता माहिती देते.

अस्सल, नक्कल, बनावट आणि जोड

कागदपत्रांचे परीक्षण करणारा इतिहाससंशोधक ‘अस्सल’ पत्र, त्याची ‘नक्कल’ आणि ‘बनावट’ पत्र यांत काटेकोर भेद करतो. नक्कल म्हणजे खोटेपणा नव्हे. मूळ पत्र नष्ट झाल्यावर नक्कलही मोलाची ठरते, फक्त तिने स्वतःला अस्सल म्हणवून घेऊ नये. हाच न्याय खुर्चीला लावता येईल. जुन्या धर्तीवर उघडपणे नवी बनविलेली खुर्ची ही नक्कल. तीच डाग देऊन जुनी म्हणून विकली की बनावट. आणि जुने कोरीव भाग असलेली खुर्ची ही ‘जोड’. अस्सल कागदावरील मोकळ्या जागेत नंतर कोणी ओळी घातल्या, तर संशोधक सारा कागद फेकून देत नाही व सारा स्वीकारतही नाही. जुने कोणते, नवे कोणते हे ओळीओळीने सांगतो. जोडखुर्चीचे वाचनही सांध्यासांध्याने करावयाचे असते.

या दृष्टीने एकच वस्तू विक्रेत्याच्या शब्दावर तिचा वर्ग बदलते. ‘जुन्या वाड्याच्या लाकडापासून अलीकडे बनविलेली खुर्ची’ असे लिहिल्यास ती प्रामाणिक जोड आहे. ‘दोनशे वर्षांची खुर्ची’ म्हटल्यास तीच बनावट होते.

कायद्याची स्थिती

पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेल्या शिल्प, चित्र व कारागिरीच्या वस्तूंबरोबरच ‘इमारतीपासून किंवा गुंफेपासून अलग केलेला कोणताही भाग’ त्याच्या व्याख्येत समाविष्ट आहे. म्हणजे शतकाहून जुन्या वाड्याची कोरीव चौकट ही पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यांची निर्यात केंद्र शासन वा त्याने प्राधिकृत केलेली यंत्रणा यांखेरीज कोणासही करता येत नाही, आणि उल्लंघनास किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. एखादी वस्तू पुरावस्तू आहे किंवा नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक वा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देतो.

येथे जोडखुर्चीचा पेच उभा राहतो. देशातील ग्राहकापुढे तिचे जुनेपण वाढवून सांगणे फायद्याचे असते, तर निर्यातीच्या वेळी ती नवी असल्याचे सांगणे सोयीचे असते. एकच खुर्ची दिवाणखान्यात दोनशे वर्षांची आणि बंदरावर दोन महिन्यांची ठरू शकते. शिवाय शिसवाचा समावेश असलेली डालबर्जिया ही वृक्षप्रजाती जानेवारी २०१७ पासून संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. त्यामुळे शिसवी वस्तूंच्या निर्यातीस लाकडाच्या उगमाची कागदपत्रे लागतात. झाडाच्या उगमाची नोंद मागितली जाते, परंतु वाड्याच्या उगमाची नोंद मागण्याची सवय अद्याप रुजलेली नाही.

निष्कर्ष

१) वाड्यातील कोरीव लाकडाचे ऐतिहासिक मूल्य मुख्यतः त्याच्या जागेशी निगडित आहे. जागेची नोंद नसलेला तुकडा कलावस्तू म्हणून उरतो, साधन म्हणून त्याचे मोल फार घटते.

२) मराठवाड्यातील वाड्यांत खुर्ची उशिरा व कचेरीच्या प्रभावाने आली. त्यामुळे वास्तुनक्षीने मढविलेली ‘पुरातन वाडा-खुर्ची’ ही जवळजवळ नेहमीच अलीकडची जुळणी असते.

३) लाकडाचे वय म्हणजे खुर्चीचे वय नव्हे. निर्णय सांधे, झीज, नक्षीची दिशा आणि हत्यारांच्या खुणा यांवरून करावा लागतो.

४) जोडखुर्ची स्वतः निंद्य नाही. मोडलेल्या वास्तूचे लाकूड जळणात जाण्यापेक्षा खुर्चीत टिकलेले बरे. मात्र तिच्या उगमाविषयीचे मौन किंवा असत्य हे इतिहासाचे नुकसान आहे.

सूचना

सर्व वाडे वाचविणे शक्य नाही, हे मान्य करूनच उपाय सुचविले पाहिजेत. जळकोट, उदगीर, कंधार व मुखेड परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आपापल्या परिसरातील वाड्यांची सूची करावी. प्रत्येक कोरीव भागाची मापे, समोरून, मागून व बाजूने छायाचित्रे, घरातील स्थान, जमिनीपासूनची उंची, लाकडाचा प्रकार आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती एका साध्या तक्त्यात नोंदवावी. वाडा पाडण्याचा निर्णय झाल्यास ही नोंद पाडण्यापूर्वी पूर्ण करावी आणि तिची एक प्रत घरमालकाकडे द्यावी. विक्रीच्या वेळी ती प्रत लाकडाबरोबर गेल्यास घरमालकाला रास्त किंमत मागण्यास आधार मिळेल. कारागिरांनी जोडखुर्चीच्या बैठकीखाली गावाचे नाव व जुळणीचे वर्ष कोरावे. चार अक्षरे आणि चार अंक यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

ज्या सुताराने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गणेशपट्टीवर पटाशी चालविली त्याचे नाव आज बहुधा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. बलुतेदार म्हणून धान्याच्या रूपाने मोबदला घेणाऱ्या त्या कारागिराचा हस्ताक्षरासारखा एकमेव पुरावा म्हणजे त्याने कोरलेले ते लाकूड होय. तो पुरावा खुर्चीत गेला तरी चालेल. तो कोणत्या गावचा, हे मात्र पुसले जाऊ नये.